गढीच्या भिंतीवरचा गुलाब बिऱ्हाडे

आक्काबाई बिऱ्हाडे यांच्या तोंडून चांगला शब्द निघणं ही जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या गल्लीत वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी घडणारी गोष्ट. सुनेनं केलेल्या भरताला त्या "खावाजोगं शे" एवढं म्हणाल्या तरी सून तो दिवस लक्षात ठेवते. अशा बाईनं मागच्या फेब्रुवारीत आठ दिवस दारोदार सांगत फिरावं, की आमच्या माणसाचं चित्र गढीच्या भिंतीवर काढलंय, रंगीत, माणसाएवढं, आणि लोक तिकीट काढून बघायला येतात. बायकांनी मुकाट ऐकून घेतलं. दोघीतिघींनी तर आम्हालाही न्या म्हटलं. आक्काबाईंनी कोणालाच नेलं नाही. ते चित्र पहिल्यांदा त्यांना एकटीनं बघायचं होतं. नात प्रज्ञा बरोबर घेतली ती फक्त मोबाइलवर फोटो काढायला माणूस हवं म्हणून.

गढीच्या गावाचं नाव मी सांगत नाही. जळगावहून धुळ्याकडे जाणारी एसटी धरली की दीड-पावणेदोन तासांत फाट्यावर उतरता येतं, एवढं पुरे. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यांतली निम्मी तरी बरी आहेत.

आक्काबाई लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. नवरा गुलाब जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचा. शाळा त्यानं लहानपणी बाहेरूनच पाहिलेली. अक्षरं शिकला तो मिशा फुटल्यावर, वस्तीतल्या विहारात एका मास्तरांकडे. शिकला तर खरा, पण वाचायचं काय? पेपर विकत घेण्याची ऐपत नव्हती. दलिचंदशेठच्या किराणा दुकानात कालचा पेपर पुड्या बांधायला निघायचा. शेठ तो आधी गुलाबला वाचायला द्यायचे. अट एकच, फाडायचा नाही, चुरगाळायचा नाही आणि दिवेलागणीच्या आत आणून द्यायचा. गढीच्या दरवाजासमोर नाल्यावर एक मोरी होती, तिच्या कठड्यावर बसून गुलाब रोज संध्याकाळी कालच्या बातम्या वाचायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "बातमी शिळी व्हस का कधी?"

गढीत तेव्हा जहागीरदाराचं घराणं राहायचं. जहागिरी जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती, पण ती कागदावर. गावाच्या लेखी तो अजून 'सरकार' होता. संध्याकाळी त्याची जीप मळ्याकडे निघाली की दरवाजासमोर जो कोणी असेल त्यानं उठून उभं राहायचं, मान खाली घालायची आणि हात जोडायचे. बौद्ध वस्तीतल्या माणसानं त्यातल्या त्यात जरा जास्तच वाकायचं. असा हुकूम कोणी काढला नव्हता. काढायची गरजच पडली नव्हती.

चौऱ्याहत्तर साली पोळ्याच्या आधी एका संध्याकाळी जीप निघाली, सगळे उठले आणि गुलाब बसून राहिला. त्याचं म्हणणं, मी वाचत होतो, मला जीप दिसलीच नाही. पहिल्या दिवशी ते खरंही असेल. दुसऱ्या दिवशी ते खरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जीप थांबली, दोन गडी खाली उतरले आणि त्यांनी गुलाबला मोरीवरून ओढून इतका मारला की उजवा हात कोपरात मोडला. हाडवैद्यानं तो बसवला, पण वाकडाच बसला. पुढं आयुष्यभर वंदना घेताना गुलाबचे दोन तळवे एकमेकांना नीट लागले नाहीत.

आक्काबाईंच्या मनाला जे कुरतडतं ते यापुढचं आहे. मार खाल्ल्यावर बाराव्या दिवशी गळ्यात हाताची झोळी अडकवून गुलाब पुन्हा पेपर घेऊन निघाला, तेव्हा आक्काबाईंनी दारात त्याचे पाय धरले. कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं. "एक डाव उभा राहीसन हात जोड," त्या रडत म्हणाल्या, "काय जाई तुनं?" दलिचंदशेठही त्याला हेच म्हणाले होते. पण शेठचं वेगळं, आक्काबाई बायको होत्या. गुलाबनं पाय सोडवून घेतले आणि गेला. आठ दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. जेवायचा, पोराला खेळवायचा, पण बोलायचा नाही.

त्याच सुमारास जळगावच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार गावात आला होता. मोरीवर गुलाब बसलेला, डाव्या हातात पेपर, उजवा झोळीत. बातमीदार म्हणाला, इकडं बघा. गुलाब म्हणाला, थांबा, एवढी बातमी होऊ द्या. मान वर केलीच नाही. बातमीदारानं तसाच फोटो काढला, छापला आणि एक प्रत गुलाबला पाठवून दिली. फोटो छापून आल्यावर गुलाबला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. दोन महिने जिनिंगनं त्याला काम दिलं नाही, तेव्हा आक्काबाईंनी शेठच्या गोदामात शेंगा फोडून घर चालवलं. पण तो रोज तिथं बसला. पुढच्या दिवाळीला आणखी दोघं उठले नाहीत. चार वर्षांत कोणीच उठेनासं झालं.

गुलाब बरोबर होता हे आक्काबाईंना चार वर्षांत कळलं होतं. पण ते त्याला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीस-एकतीस वर्षं गेली आणि दोन हजार नऊमध्ये गुलाब गेला. पोराकडे पिंप्राळ्याला येताना आक्काबाईंनी गावातून भांडी आणली आणि तो फोटो आणला. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तो आजही आहे.

दलिचंदशेठची नात विधी हा फोटो मागायला स्वतः आली होती. पोरगी पुण्यात चित्रकला शिकलेली. जहागीरदाराचे वारस कधीच शहरात गेले, गढी नगरपंचायतीकडे आली आणि तिच्या बाहेरच्या तीनशे फूट भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायचं काम विधीला मिळालं. तिची कल्पना अशी, की चित्रं जुन्या काळाची, पण त्यांतले चेहरे गावातल्याच घरांमधले असावेत. गावानं तिला हौसेनं फोटो काढून दिले. विधी पिंप्राळ्यात चहा प्यायली, खाली बसली, आक्काबाईंच्या पाया पडली. गुलाबच्या फोटोची काच चमकत होती म्हणून मोबाइल अगदी जवळ नेऊन तिनं फक्त चेहरा टिपला. "आक्का, असा चेहरा अख्ख्या गावात मिळाला नाही मला," ती म्हणाली.

आक्काबाईंनी तिला मोरीची गोष्ट सांगितली नाही. का सांगावी? अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट त्याच गावच्या पोरीला काय सांगायची, असं त्यांना वाटलं. शेठच्या घरात पन्नास वर्षांत ती कोणी उच्चारलीही नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. भिंतीवर मोरी असेल, पेपर असेल, वर बघायला तयार नसलेला गुलाब असेल, हे त्यांनी धरून टाकलं. नवऱ्याला जे तोंडानं सांगता आलं नाही ते भिंत सांगेल, आणि आपल्या हातून दिलेल्या फोटोमुळं सांगेल, एवढ्यावर त्या आठ दिवस हवेत होत्या.

रविवारी दुपारी दोघी फाट्यावर उतरल्या. गढीपुढं आता फरशी घातली आहे, नाला पाइपात गेला आहे, मोरी मात्र अजून आहे. तिच्यावर पांढऱ्या-निळ्या पट्ट्या मारून फोटो काढायची जागा केली आहे. तिकिटाच्या खिडकीशेजारी बाकावर गिरधर बसला होता. ऐंशीचा म्हातारा. तेव्हा सरकारची जीप तोच चालवायचा. गुलाबला मारणाऱ्यांत तो नव्हता. जीपमध्ये बसून होता.

"उनी का आक्का?" गिरधर म्हणाला. "देखी ले. शेवटले गुलाब दरबारमा उनाच."

आक्काबाईंना तो टोमणा वाटला नाही. म्हाताऱ्याला आता तरी चांगलं बोलायचं सुचलं, असंच वाटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि वर्षातला तो एक चांगला शब्द गिरधरवर खर्च केला. "बरा शेस ना तू?" असं विचारून त्या पुढं गेल्या.

भिंत होती मात्र बघण्यासारखी. विधीच्या हातात कसब आहे, हे आक्काबाई आजही नाकारत नाहीत. पहिल्या चित्रात तापीकाठचा बाजार होता, बैलगाड्या, कापसाचे ढीग. दुसऱ्यात नगरशेठ गादीवर बसलेला, मागं तक्क्या, पुढं तराजू, आणि चेहरा हुबेहूब दलिचंदशेठचा. आक्काबाई थांबल्या. शेंगा फोडायच्या दिवसांत याच चेहऱ्यानं त्यांना एक मूठ जास्त दिली होती, कधी एक मूठ कमी. प्रज्ञानं फोटो काढला. तिसऱ्या चित्रात सुतार, लोहार, कोष्टी. आक्काबाई प्रत्येक चेहरा नीट बघत होत्या, गुलाब कुठंच नव्हता.

"आजी, हे बघ आबा," पुढून प्रज्ञा आनंदानं म्हणाली.

ते सर्वांत मोठं चित्र होतं. गढीचा दरबार. उंच आसनावर सरदार, भरजरी अंगरखा, कमरेला तलवार. दोन्ही बाजूंना मानकरी. आणि सरदाराच्या पायांशी, उजव्या कोपऱ्यात, उघड्या अंगाचा एक माणूस कमरेत वाकून हात जोडून उभा. त्याची मान खाली होती, पापण्या खाली होत्या, कपाळावर ती ओळखीची उभी आठी होती. तो गुलाब होता. त्यात शंकेला जागाच नव्हती. फक्त हातातला पेपर नव्हता, आणि पेपर काढून घेतल्यावर वाचणाऱ्याची मान आणि वाकणाऱ्याची मान यांत काही फरक उरत नाही.

आक्काबाई जवळ गेल्या. जोडलेले हात त्यांनी बघितले. दोन्ही तळवे एकमेकांना छान चिकटले होते. उजवा हात सरळ होता. गुलाबच्या हयातीत जो हात बसला नाही तो विधीनं बसवून दिला होता, आणि बसवला होता तो हात जोडण्यापुरता.

प्रज्ञाला वाटलं, आजीला भरून आलं. तिनं मोबाइल वर धरला. आक्काबाईंनी तो हातानं खाली केला, वळल्या, आणि चालत जाऊन मोरीच्या कठड्यावर बसल्या. प्रज्ञा धावत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त्याना पाय धरात, तरी त्यो वाकना नही. आते मीच फोटो दी उनू. मीच वाकाडा त्याले."

प्रज्ञाला मोरीची गोष्ट ठाऊक होती, वाकड्या हाताचीही. तिनं पुन्हा एकदा लांबून चित्राकडं बघितलं आणि मग तिलाही ते दिसलं. तिनं विधीला फोन लावला.

विधी दहा मिनिटांत स्कूटीवर आली, हसत आली. आक्काबाईंचा चेहरा बघून तिचं हसू गेलं.

"तुले हाऊ मानूस कोन शे माहीत शे का?" आक्काबाईंनी विचारलं.

"तुमचे... गुलाबआबा, आक्का."

"आनि त्यो काय करी राहिना तठे?"

विधी गोंधळली. "आक्का, ते दरबाराचं दृश्य आहे. जुन्या छापील चित्रावरून घेतलंय. तिथं एक नम्र माणूस लागत होता. आबांची मान फोटोत खाली होती, डोळे खाली होते... इतका सुंदर भाव होता तो. मला वाटलं, त्यांच्याइतका नम्र चेहरा..."

"नम्र," आक्काबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोरीच्या त्याच कठड्यावर बसून, आवाज न चढवता, पोळा, जीप, गडी, झोळी, पेपर. तो पेपर दलिचंदशेठच्या दुकानातला होता हेही सांगितलं, आणि शेठ काय म्हणाले होते तेही. स्वतः काय म्हणाल्या तेवढं सांगताना मात्र थोडं अडखळल्या. विधी ऐकता ऐकता खाली फरशीवर बसली. "मला कोणीच सांगितलं नव्हतं," ती दोनदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. आक्काबाईंना त्या रडण्याचं काही करायचं नव्हतं.

"पुशी टाक," त्या म्हणाल्या.

"मी विचारते, आक्का. उद्घाटन झालंय, आता परवानगी लागते."

"इचार. मी आठेच बसस."

विधीनं बाजूला जाऊन तीन फोन केले. हातवारे चालले होते, आवाज चढत-उतरत होता. परत आली तेव्हा अर्धं काम झालं होतं. चेहरा बदलायला हरकत नाही, असं नगरपंचायतीचे साहेब म्हणाले. पण माणूस काढून टाकता येणार नाही. तो काढला तर सरदार कोणाकडं बघतोय तेच कळणार नाही, आणि चित्राचा आराखडा मंजूर झालेला आहे.

"म्हंजे वाकनारा पाहिजेच," आक्काबाई म्हणाल्या.

विधी घरी जाऊन रंगांचे डबे आणि एक छोटी शिडी घेऊन आली. तिनं गुलाबच्या चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवला. आधी आठी गेली, मग पापण्या, मग हनुवटी. आक्काबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. नवऱ्याचं तोंड दुसऱ्यांदा झाकलं जाताना बघणं सोपं नव्हतं, पण या वेळी ते त्यांनी मागून घेतलं होतं. त्या हलल्या नाहीत. तिकीट काढून आलेली चार-दोन माणसं थांबून बघू लागली. गिरधरही बाकावरून उठून आला.

रंग सुकायला तासभर गेला. मग विधीनं पुन्हा ब्रश घेतला. "आता कोणाचाच फोटो घेत नाही, आक्का. मनातलाच चेहरा काढते. कोणाचाच नसलेला."

तिचा हात भरभर चालला. अर्ध्या तासात चेहरा उभा राहिला. काळा, गाल बसलेला, डोळे खोल, ओठ जाड, केस विस्कटलेले. तो गुलाब नव्हता, हे खरं. आक्काबाईंनी जवळ जाऊन बघितलं. मग मागं सरकून बघितलं. वस्तीतला वना असा दिसायचा. त्यांचा धाकटा दीर असा दिसायचा. त्यांचा स्वतःचा बापही उन्हाळ्यात असाच दिसायचा. मग त्यांनी तीनशे फूट भिंतीकडं एकदा मान फिरवली. नगरशेठ गोरा होता, सरदार गोरा होता, मानकरी गहूवर्णी होते.

"विधी," त्या म्हणाल्या, "हाऊ तुना मनमातला शे ना?"

"हो आक्का. कोणीच नाही तो."

"मंग तुना मनमा वाकेल मानूस आसाच का दिखस, माय?"

विधीनं चित्राकडं बघितलं. तिच्या हातातला ब्रश फरशीवर ठिपकत होता. खोटं उत्तर द्यायची तिला लाज वाटली असावी. आक्काबाईंनी फार वाट बघितली नाही. साडेपाचची गाडी होती.

गल्लीत बायकांनी विचारलं, कसं होतं चित्र? आक्काबाई म्हणाल्या, उन्हानं रंग उडाला. त्यावर पुन्हा कोणी विचारलं नाही. त्या दिवसापासून गुलाबच्या फोटोसमोर बसायचंही त्या टाळू लागल्या. बसल्या की वाटायचं, अजूनही त्यानं मान वर केलेली नाही, आणि आता तो वाचतोय की रुसलाय हे सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी प्रज्ञाच्या मोबाइलवर विधीनं एक फोटो पाठवला. दरबार तसाच होता. वाकलेल्या माणसाच्या डोक्याला आता मोठं मुंडासं होतं, पार नाकापर्यंत ओढलेलं. तोंड दिसतच नव्हतं. खाली विधीनं लिहिलं होतं, 'आक्कांना सांग, आता तो कोणीच नाही.'

प्रज्ञानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मोबाइल आजीच्या हातात दिला. आक्काबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. बोटं लावून चित्र मोठं कसं करायचं ते त्यांना येत नव्हतं, ते प्रज्ञानं करून दिलं. मुंडाशाखाली उघडी पाठ होती, आणि पुढं ते दोन काळे हात, तळव्याला तळवा लावून जोडलेले.

"मंग हात कोना शेतस?" आक्काबाईंनी विचारलं.